समुद्राकडच्या खोलीची निरवानिरव

बिस्मिल्लाह.

मी, अशरफ दाऊद होडेकर, वय वर्षे बासष्ट, धंदा एसी दुरुस्ती, तोही आता बंद, मूळ राहणार मौजे वेळशेत, तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम फहाहील, कुवेत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या मराठीत लिहून ठेवत आहे. आमच्यात याला वसीयत म्हणतात. डोकं ठिकाणावर आहे. शरीर नाही, पण कायद्याला फक्त डोकं लागतं. मला कोणी धाक घातलेला नाही, आमिष दाखवलेलं नाही. खरं सांगायचं तर कोणी फारसं विचारायलाही आलेलं नाही. औषधाची गुंगी सकाळी उतरते आणि दुपारी पुन्हा चढते. मधल्या वेळात मी लिहितो. माझा मित्र हरीश मुजुमदार समोर बसून चहा पितो आहे, तो याला साक्ष आहे.

आधीच सांगून टाकतो. मला वेळशेतला, मी बांधलेल्या घरात, समुद्राकडच्या खोलीत मरायचं होतं. एवढं एकच मागणं होतं. ते आता होत नाही. तेव्हा माझ्यामागे त्या खोलीचं काय करायचं, त्यासाठी हा कागद आहे. बाकीच्या गोष्टी ओघाने येतील. त्यांत अमेरिकेचा एक राष्ट्राध्यक्षही येईल, वाचणाऱ्याने दचकू नये.

कलम १. वारस.

माझी बायको झुलेखा पाच वर्षांपूर्वी गेली. मला एकच मुलगी, युसरा. एकच सख्खा भाऊ, धाकटा, सर्फराज. शरियतप्रमाणे माणसाला मृत्युपत्राने फक्त एक तृतीयांश मिळकतीची व्यवस्था लावता येते, आणि तीसुद्धा वारसाच्या नावे करता येत नाही. राहिलेल्यातलं निम्मं मुलीचं आणि निम्मं भावाचं. हे वाटे मी ठरवलेले नाहीत, वरून ठरून आलेले आहेत. माझ्या हातात असतं तर सर्फराजचा वाटा मी याच कलमात छाटून टाकला असता, हे लपवून काय करू? पण हातात नाही. त्याला त्याचा वाटा मिळेल. मला माझा तिसरा हिस्सा मिळाला आहे, तो मी जपून वापरणार आहे.

कलम २. दुकान.

इथल्या अर्दियातलं एसी दुरुस्तीचं दुकान माझं आहे असं गावात सगळे समजतात. ते माझं नाही. लायसन माझ्या कफीलच्या, म्हणजे इथल्या कुवेती जामीनदाराच्या, नावावर, शटर त्याचं, बोर्ड त्याचा. मी फक्त तिथे उभं आयुष्य काढलं. मी आजारी पडल्यावर त्याने दुसरा माणूस बसवला, आणि जाताना मला खजुराचा मोठा डबा दिला. वाईट माणूस नाही. बोर्डावर माझं नाव कधी नव्हतंच, त्यामुळे ते खरवडायचं कामही कोणाला पडलं नाही. सबब दुकानाबाबत वारसांनी भांडू नये, भांडायला तिथे काही नाही.

कलम ३. हत्यारं.

गेज, व्हॅक्यूम पंप, वेल्डिंगचा टॉर्च, पाइप वाकवायचं मशीन आणि लाकडी पेटीतली सगळी हत्यारं तल्हाला द्यावीत. तल्हा माझ्या हाताखाली शिकला, आता अम्गऱ्यात स्वतःचं काम करतो. त्याने पंप वापरावा, पेटी विकली तरी चालेल. मात्र पेटीच्या झाकणावर आतून एक चित्र चिकटवलं आहे, ते काढून कलम ४ मधल्या हस्तलिखितात ठेवावं. त्या चित्राची हकीकत अशी.

कुवेतला पहिल्या नोकरीत कंपनीने आम्हाला वर्गात बसवलं होतं. शिकवणारे मलबारी साहेब होते. त्यांनी फळ्यावर एक पेटारा काढला. म्हणाले, आजाऱ्याची खोली यंत्राने गार करायच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांतला हा एक. अठराशे एक्याऐंशी साल, वॉशिंग्टनचा उन्हाळा, राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड गोळी लागून पडलेला. नौदलाच्या इंजिनियरांनी बर्फाच्या पाण्यात भिजवलेले कापडाचे पडदे पेटाऱ्यात लावले आणि पंख्याने त्यांतून हवा ढकलली. खोली गार झाली. वर्गातल्या सगळ्यांनी पेटारा वहीत उतरवून घेतला, झाकणावरचं चित्र ते हेच. मी हात वर केला आणि विचारलं, "साहेब, मग तो माणूस वाचला का?"

साहेब म्हणाले, "ते सिलॅबसमध्ये नाही."

तेव्हापासून तो माणूस माझ्या मानगुटीवर बसला तो आजपर्यंत. पहिल्या सुटीत मी मुंबईला उतरून त्याच्यावरचं एक जुनं पुस्तक शोधलं. मग दुसरं. इंग्रजी अडत होतं, डिक्शनरी घेऊन वाचलं. लोक सोनं नेतात, मी हा गोरा दाढीवाला घेऊन गावी जायचो. आई म्हणायची, याला काय झालंय?

कलम ४. पुस्तकं आणि हस्तलिखित.

इंग्रजी पुस्तकं युसराने आपल्या वाट्यात धरावीत. मराठी हस्तलिखित मी लिहिलेलं आहे, गारफील्डचं पूर्ण चरित्र, त्याला नाव दिलेलं नाही. त्याची किंमत शून्य धरावी, कोणी जास्त देईलसं वाटत नाही. ते कुठे ठेवायचं हे कलम ७ मध्ये आहे.

ते लिहिलं कसं, तर शुक्रवारी. नमाजानंतर झुलेखा स्वयंपाक करायची आणि मी ओट्याशी खुर्ची घेऊन लिहिलेलं वाचून दाखवायचो. युसरा तेव्हा लहान होती, कानात वायर घालून आत बसायची. झुलेखाला गारफील्ड नात्यातला वाटायला लागला होता. ओहायोच्या रानात ओंडक्यांच्या खोपटात जन्मला. बाप वणव्याशी झगडून आला, आजारी पडला आणि गेला, तेव्हा पोर दुधपितं. आईने शेत राखलं, चार मुलं वाढवली. या पोराला खलाशी व्हायचं होतं. मिळाली काय, तर कालव्यातली बोट, काठाने जनावरं हाकायची. पोहता येत नव्हतं आणि सारखा पाण्यात पडायचा. एकदा अंधारात बुडता बुडता हाताला लागलेला दोर कुठेतरी अडकला म्हणून वर आला. मग हिवतापाने फणफणून आईकडे परत.

"हा आपल्या खाडीवरचाच दिसतो," झुलेखा म्हणाली. "फक्त पोहायला येत नाय, एवढंच."

आईने त्याला शिकायला लावलं. ज्या शाळेत शिकला तिथेच फरशा झाडल्या, घंटा वाजवली. पुढे त्याच शाळेत मास्तर झाला आणि मग तिचा मुख्य. लग्न केलं ल्युक्रीशियाशी. सुरुवातीला दोघांचं नीट जमलं नाही, मग इतकं जमलं की पत्रं वाचताना मला लाज वाटायची. गुलामांच्या प्रश्नावर तिकडे लढाई पेटली तेव्हा हा फौज घेऊन गेला, जनरल झाला. मग अनेक वर्षं काँग्रेसात, म्हणजे तिथल्या संसदेत. गणिताची हौस एवढी की पायथागोरसच्या प्रमेयाची स्वतःची सिद्धता काढून छापली. ती हरीशने माझ्यासमोर टिश्यूपेपरवर सोडवली. बँकेतला माणूस, त्याला पटकन कळली. मला अजूनही शेवटची पायरी नीट कळलेली नाही, हस्तलिखितात ते पान हरीशच्या अक्षरात आहे.

अठराशे ऐंशी साली पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात तो राष्ट्राध्यक्षपदासाठी दुसऱ्या एकाचं नाव सुचवायला गेला. मतदानावर मतदान, कोणालाच बहुमत नाही. शेवटी थकलेल्या लोकांनी याचंच नाव घेतलं. हा उभा राहून हरकत घेत होता, त्याला खाली बसवलं. निवडून आला. शपथ घेताना म्हातारी आई हजर होती. हे वाचलं तेव्हा झुलेखा ओढणीने डोळे पुसत होती आणि कांद्याला नावं ठेवत होती.

आणि लगेच सुरू झाली रांग. नोकऱ्या मागणाऱ्यांची. याचा माणूस, त्याचा माणूस, मी प्रचार केला, मला अमुक जागा द्या. इथे ज्याला वास्ता म्हणतात, आपल्याकडे वशिला, तोच प्रकार. गारफील्ड आपल्या डायरीत या लोकांना कंटाळून गेलेला दिसतो. त्या रांगेतल्याच एकाने, ज्याला पॅरिसमधल्या कॉन्सलची जागा हवी होती आणि मिळाली नाही, त्याने स्टेशनवर मागून गोळ्या झाडल्या. गारफील्डबरोबर त्याची दोन मुलं होती, सुटीवर निघाले होते. खुर्चीवर बसून चार महिने झाले होते.

गोळीने तो मेला नसता, असं आता जाणकार म्हणतात. गोळी स्वादुपिंडाच्या मागे जाऊन गप्प बसली होती. पण डॉक्टर एकामागून एक आले आणि न धुतलेली बोटं जखमेत घालून गोळी शोधू लागले. जंतू वगैरे थोतांड आहे असं त्यांतल्या मुख्याचं मत होतं. टेलिफोनवाला बेल गोळी शोधायचं यंत्र घेऊन आला, तर त्याला उजवीच बाजू तपासू दिली. गोळी डाव्या बाजूला. असं उन्हाळाभर. धिप्पाड माणसाचा सांगाडा झाला.

माझी गाठही स्वादुपिंडातच आहे. ऐकलं तेव्हा मला हसू आलं, आणि डॉक्टरणीला वाटलं मला धक्का बसलाय. इथल्या डॉक्टरांविरुद्ध माझी काही तक्रार नाही. सगळ्यांचे हात धुतलेले आहेत. कोणाला दोष द्यावा तर तशीही सोय नाही, याचा मला फार राग येतो. अहो, काहीतरी चुकलं असतं तर निदान त्याला शिव्या तरी घातल्या असत्या!

कलम ५. एक जुना राग.

हरीशने एकदा मला इथल्या एका मराठी मंडळाच्या कार्यक्रमात गारफील्डवर बोलायला नेलं. मी अभ्यास करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. मी कालव्यापर्यंत पोचलो होतो तेवढ्यात निवेदिकेने हसत हसत माइक घेतला आणि म्हणाली, वेळेअभावी इथेच थांबू या, आता आपल्या लाडक्या ऑर्केस्ट्राला. गारफील्ड पाण्यातच राहिला. त्या बाईंना मी माफ केलेलं नाही. त्यांना या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. हरीश म्हणतो हे लिहू नका, अशरफभाई, बरं दिसत नाही. मी लिहितो आहे.

कलम ६. घर, आणि काय झालं.

वेळशेतचं घर जांभ्याचं आहे, कौलारू, किनाऱ्याला लागून. माझ्या कमाईने बांधलं, सातबाऱ्यावर माझं एकट्याचं नाव आहे. पश्चिमेच्या खोलीला दोन खिडक्या ठेवल्या आणि पलंग सुताराकडून मुद्दाम उंच करून घेतला, पडल्या पडल्या पाणी दिसावं म्हणून. त्या पलंगावर मी फक्त सुट्यांमध्ये झोपलो आहे. घरात सर्फराज राहतो. आईबापाचं शेवटपर्यंत त्याने केलं, बापाची मालिश केली, आईला कडेवर घेऊन दवाखान्यात नेली. ते मी विसरलेलो नाही, आणि म्हणूनच पुढचं मला जास्त लागलं.

मार्चमध्ये डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जायचं असेल तर आताच जा, अजून विमानात बसवता येईल. युसरा एका शाळेत शिकवते, तिने बिनपगारी रजा काढली, व्हीलचेअर सांगितली, तिकिटं बघायला लागली. मी सर्फराजला फोन लावला.

"भाय, बरा होऊन ये ना," तो म्हणाला. "जूनमध्ये ये."

"मी बरा होणार नाही, सर्फराज. म्हणून तर येतोय."

"पण खोली नाय रे भाय. एप्रिल-मे फुल हाय. लोकांनी आधीच धरून ठेवलीय."

"कुठली खोली?"

"समुद्राकडची. सगळे तीच मागतात."

असं मला कळलं की माझं घर होमस्टे झालं आहे. दोन सीझन झाले म्हणे. मला सांगायचं राहून गेलं म्हणे. युसराने लगेच फोनवर शोधून काढलं. माझी खिडकी, माझा पलंग, आणि पलंगावर टॉवेलचे दोन हंस करून ठेवलेले. खाली लोकांनी लिहिलेलं की यजमान फार प्रेमळ आहेत, सोलकढी उत्तम. माझ्या पोरीने काय केलं असेल? तिने तीच खोली स्वतःच्या नावावर बुक करायचा प्रयत्न केला. स्वतःच्या बापाच्या घरात बापासाठी खोली.

"बाबा, नो डेट्स," ती म्हणाली. "टिल जून देअर आर नो डेट्स." आणि फोन उलटा ठेवून रडायला लागली.

मी पुन्हा फोन केला. या वेळी विनवलं. हो, धाकट्या भावाला विनवलं. म्हटलं, थोडेच दिवस लागतील. कोणा एकाचे पैसे परत दे, मी देतो.

सर्फराज म्हणाला, "भाय, मागची खोली देतो. एसी लावून देतो. पण समुद्राकडची नको. राग नको धरूस. त्या खोलीत कोण गेलं असं बाहेर कळलं, तर परत कोण घेणार ती?"

मी फोन ठेवला. मागच्या खोलीच्या खिडकीतून विहिरीचा पंप आणि शेजाऱ्याची भिंत दिसते. मला एसी नको होता. आयुष्यभर मी लोकांना गार हवाच देत आलो.

ईद झाली आणि पोटात पाणी भरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता विमान नाही. विषय संपला.

आता गारफील्डचं ऐका, कारण याच जागी मला त्याचा हेवा वाटतो, आणि मेलेल्या माणसाचा हेवा करण्याएवढी माझी अवस्था झाली आहे. तोही सांगत होता, मला समुद्राजवळ न्या. ल्युक्रीशिया आजारातून उठून जिथे हवापालटाला राहिली होती, त्या एल्बेरॉन गावाला न्यायचं ठरलं. एका श्रीमंत माणसाने आपला तिथला बंगला उघडून दिला. नातं ना गोतं. पण स्टेशनपासून बंगला लांब, आणि या आजाऱ्याला गाडीत हादरे सोसणार नाहीत. तेव्हा गावातली माणसं, मजूर, सगळे जमले आणि एका रात्रीत त्यांनी स्टेशनपासून थेट बंगल्याच्या दारापर्यंत रूळ टाकले. शेवटच्या चढावर इंजिन अडलं. तर माणसांनी डबे हातांनी ढकलत नेले. गारफील्डला खिडकीशी बसवलं. त्याने समुद्र बघितला. थोडे दिवस जगला आणि गेला. तिथल्या कोणी विचारलं नाही की आता हा बंगला भाड्याने कोण घेणार.

हे प्रकरण मी वाचलं तेव्हा झुलेखाने भाकरी तव्यावर करपवली होती. "परकी माणसं ती," एवढंच म्हणाली. आज ती असती तर तिने सर्फराजला फोनवर असं सोलून काढलं असतं की हंसांसकट टॉवेल गोळा केले असते त्याने. ती नाही. मला तसं बोलता येत नाही, मी नुसता फोन ठेवतो.

युसराने मला चाकाच्या खुर्चीतून इथल्या किनाऱ्यावर नेलं होतं. फहाहीलला समुद्र आहेच, लोक संध्याकाळी कॉफी घेऊन बसतात. "बाबा, इट्स द सेम वॉटर," ती म्हणाली. "इथून तिथेच जातं ना ते?" जात असेल, बाळा. मी हो म्हटलं. मला तिथे काहीच वाटलं नाही. वाटावं म्हणून बराच वेळ बसलो, तरी नाही.

कलम ७. माझा तिसरा हिस्सा.

वकिलाकडून मोजून घेतलं आहे. समुद्राकडची खोली, तिच्यापुढची पडवी आणि किनाऱ्याकडे जाणारी पायवाट मिळून माझ्या एकूण मिळकतीच्या तिसऱ्या हिश्श्यात बसते, थोडी जागाही उरते. सबब माझ्या मृत्यूनंतर ही खोली, पडवी आणि वाट वेळशेतच्या जमातीच्या, म्हणजे आमच्या गावमंडळाच्या, स्वाधीन वक्फ म्हणून करावी. किल्ली जमातीकडे राहील. याला वारसांच्या संमतीची गरज नाही, हे सर्फराजने आपल्या वकिलाला विचारून खात्री करून घ्यावी. घराचा उरलेला भाग युसरा आणि सर्फराज यांचा, त्यांनी तो हवा तसा वापरावा, टॉवेलचे मोरसुद्धा करावेत.

खोलीचा उपयोग एकच. आमच्या गावची, किंवा शेजारच्या कुठल्याही गावची जी माणसं पोटासाठी बाहेर गेली, कुवेत, कतार, मस्कत, मुंबई, कुठेही, आणि ज्यांना आता डॉक्टरने हात टेकल्यामुळे परत येऊन मरायचं आहे, त्यांच्यासाठी ही खोली. धर्म विचारू नये. बाई असो, पुरुष असो. भाडं घेऊ नये. बरोबरच्या माणसाला झोपायला पडवीत खाट द्यावी. पलंग हलवू नये, त्याची उंची कमी करू नये. खिडकीला जाड पडदा लावू नये.

माणूस किती दिवसांत जाईल हे विचारू नये. जास्त दिवस जगला तर जगू द्यावं, कोणी त्याला घाई करू नये. बरा झाला तर घरी पाठवावं आणि माझ्या नावाने फातिहा वाचावी. खोलीत कोणी गेलं तर ते लपवू नये. उलट लोकांना कळू द्यावं की इथे येता येतं.

एप्रिल-मे महिन्यांत खोली रिकामी असेल तर रिकामीच ठेवावी. समोर गाडी घेऊन पाहुणे उभे असले तरी.

हस्तलिखित या खोलीतल्या फडताळात ठेवावं. पडून राहिलेल्या माणसाला काहीतरी वाचायला लागतं, नाहीतर कोणाला तरी वाचून दाखवायला लागतं. वेळ कमी असेल तर शेवटचं प्रकरण वाचावं, समुद्र तिथेच आहे. कोणाला कंटाळा आला तर बाजूला ठेवावं, मला वाईट वाटणार नाही. वाईट वाटायला मी नसेन.

कलम ८. माझं शरीर.

मला सुलैबीखातच्या कब्रस्तानात दफन करावं. मृतदेह वेळशेतला नेऊ नये. इथल्या आपल्या मंडळींची सवय मला ठाऊक आहे. जिवंत माणसाला नेताना सतरा कागद, आणि मेला की सगळे धावतात, ग्रुपवर मेसेज फिरतात, पेटी तयार, कार्गो तयार. हे कोणी करू नये. मला समुद्र बघायला पाठवायचं होतं, लोकांना दाखवायला नाही.

झुलेखाही तिथेच आहे. ती गेली तेव्हा कोरोनाची साथ होती, मला खड्ड्यापर्यंत जाऊ दिलं नाही. तिच्या शेजारची जागा मिळत नाही, तिथे ज्या क्रमाने माणसं येतात त्या क्रमाने ठेवतात. कुठेही चालेल. मला तिच्याशी बोलायचं आहे असं नाही, बोलून झालं होतं आमचं. फक्त तिला आता कोणी शुक्रवारी वाचून दाखवत नाही हे मनात येतं, आणि मग मला लिहवत नाही.

इथे हरीश कप उचलून आत गेला. मी थोडा वेळ थांबलो होतो. आता पुढे लिहितो.

कलम ९. युसरा.

झुलेखाचे दागिने तुझ्याकडे आहेतच, माझ्या नावाचं जे काही बँकेत असेल त्यातला तुझा वाटा तुला हरीशकाका समजावून देईल. मृत्युपत्राच्या अंमलबजावणीचे अधिकार मी तुला देतो. तुला मराठी वाचता येत नाही, म्हणून हा कागद हरीशकाकाच तुला वाचून दाखवेल. कलम ६ वाचताना तू त्याला थांबवशील, मला माहीत आहे. थांबवू नकोस. तू रूळ टाकायला निघाली होतीस, पोरी. तुझ्याकडून काही राहिलं नाही. मला काही आशा उरलेली नाही, मी खोटं बोलणार नाही. पण तू माझ्याजवळ आहेस, आणि सकाळी तू शाळेत जाताना माझ्या कपाळावर हात ठेवतेस तेवढा वेळ मला भीती वाटत नाही. दुसऱ्या कोणाला ही वाक्यं अवघड वाटली तर त्याने गाळून पुढे जावं.

कलम १०. सर्फराज.

जमातीला या कागदाने एक गोष्ट बजावून ठेवतो. माझा भाऊ रागाच्या भरात येईल, कोर्टात जाईन म्हणेल, कुलूप लावील. त्याच्याशी भांडू नये. त्याला खोलीच्या दाराशी उभं करून हे कलम वाचून दाखवावं.

सर्फराज, मी तुझ्यावर रागावूनच जातो आहे. राग निवळावा म्हणून मी बरीच वाट पाहिली, निवळला नाही, आणि आता वेळ नाही. पण तूही वेळशेतचाच आहेस. तुझीही कधीतरी वेळ येणार आहे, आणि तेव्हा तुला मागच्या खोलीत पंपाचा आवाज ऐकत पडायला लागू नये. त्या दिवशी जमातीकडे जा आणि किल्ली माग. तुझी मुलं मागतील तर त्यांना द्यावी. गावाशी तू कसा वागलास, माझ्याशी कसा वागलास, हे कोणी काढू नये. तुला दोन उशा लागतात, लहानपणापासून, त्या द्याव्यात. पलंग खिडकीशीच आहे. माझ्या भावाला नाही म्हणायचा अधिकार मी कोणालाही दिलेला नाही.

वर लिहिलेलं सगळं मी स्वतः वाचून पाहिलं, तेच मला म्हणायचं आहे. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही आणि यानंतर करायला सवड मिळेलसं दिसत नाही. सही वाकडी आली असेल तर ती हाताची कमजोरी समजावी, मनाची नव्हे.

ठिकाण: फहाहील, कुवेत
तारीख: २४ मे २०२५

सही
अशरफ दाऊद होडेकर

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, आणि ज्यांच्यासमोर मृत्युपत्र करणाऱ्याने वरील सही केली:

१. हरीश मुजुमदार, मूळ राहणार पुणे, हल्ली कुवेत
सही

२. सुहासिनी हरीश मुजुमदार, राहणार वरीलप्रमाणे
सही